नरेंद्रकाकांचं फुप्फुस आणि मंडळाची पुरी

नरेंद्रकाकांची आणि माझी पहिली भेट झाली त्या दिवशी मी जवळजवळ वर गेलो होतो. अमेरिकेतल्या वेस्ट विंडसर गावी, आमच्या कॉलनीच्या पूलमध्ये, कमरेएवढ्या पाण्यात, मी म्हशीच्या समाधानाने पालथा तरंगत होतो. एवढ्यात पाणबुडी वर यावी तसं एक टक्कल खालून वर आलं आणि तव्यावरची पोळी उलटावी तसं त्याने मला उताणं केलं. अर्धा पूल माझ्या नाकात गेला. लाइफगार्डने शिट्टी फुंकली. पलीकडच्या तळ्यातली बदकं थेट कॅनडाला निघून गेली.

"पालथं तरंगायचं नाही!" टक्कल गरजलं. "स्फोट झाला तर आतडी जातील!"

"काका, हा पूल आहे. इथे कसला स्फोट?"

"खलाशांनाही असंच वाटायचं."

डॉ. नरेंद्र उपळेकर मूळचे नागपूरचे. समुद्र तिथून जेवढा लांब, तेवढं त्यांचं त्याच्यावर प्रेम. उभा जन्म त्यांनी न्यू जर्सीतल्या एका प्रयोगशाळेत एकाच प्रश्नामागे घालवला. युद्धात बोट बुडाली, खलाशी जीव वाचवून पाण्यात तरंगतोय आणि पाणबुडीसाठी टाकलेला बॉम्ब जवळच पाण्याखाली फुटला, तर त्याच्या शरीराचं काय होतं? अंगावर ओरखडाही उठत नाही. पण आत जिथे जिथे हवा असते, म्हणजे फुप्फुसं, आतडी, कान, तिथे फाटतं. पाठीवर तरंगलं तर जरा कमी. हे सगळं शोधणाऱ्या काकांनी स्वतः कधी सुतळी बॉम्बसुद्धा लावला नव्हता. फुलबाजीही ते चिमट्यात धरत.

आपल्या माणसांना हे एकदा तरी शेवटपर्यंत सांगावं, एवढीच त्यांची इच्छा होती. पण बारसं असो की डोहाळजेवण, काका फुप्फुसांपर्यंत आले की ऐकणाऱ्याला फोन यायचा. आतड्यांपर्यंत कोणी टिकलंच नाही.

"आम्ही हनिमूनला गोव्याला गेलो होतो," वसुधाकाकू सांगायच्या. "मला पाण्यात उताणं झोपवलं आणि हे काठावर बसून गणितं करत होते."

मग यंदा आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाचा जादूगार फ्लूने आडवा झाला. सेक्रेटरी सुचित्राने नाइलाजाने काकांना जेवणाआधीची वीस मिनिटं दिली. काका हरखले. आमच्या मंडळात कार्यक्रम संपल्याशिवाय जेवणाच्या हॉलचं दार उघडत नाहीत, त्यामुळे लोक कुठेही जाऊ शकत नाहीत.

"पण काका, आतड्यांचे फोटो नकोत हं," सुचित्रा म्हणाली. "लोकांना जेवायचंय."

"फोटो नाही. प्रयोग!"

त्या प्रयोगासाठी माशांची काचेची टाकी आली. ती दोन्ही हातांनी धरून मी स्टेजवर उभा राहिलो. काका सुरेख बोलत होते. चक्क लोक ऐकत होते. बटाटेवडा वर धरून काका म्हणाले, "हे यकृत. भरीव. लाट आरपार जाते, याला फारसं काही होत नाही. आता फुप्फुस!" आणि त्यांनी स्वयंपाकघरातून मागवलेली टम्म फुगलेली पुरी उंच धरली.

आमच्याकडे गरम पुरी दिसली, याचा अर्थ एकच असतो.

"पुरी निघाली!" मागच्या रांगेतला अरुण ओरडला.

"अरे, लाइन लावा!"

"काकू, माझी जागा धरा!"

खुर्च्या सरकल्या, शालू सळसळले आणि जमाव दारावर असा आदळला की दार उघडावंच लागलं. हॉलमध्ये उरल्या पहिल्या रांगेत वसुधाकाकू आणि स्टेजवर मी, कारण टाकी खाली ठेवायला टेबल नव्हतं.

काकांनी पुरी खाली घेतली. मग रिकाम्या खुर्च्यांकडे बघत त्यांनी उरलेलं सगळं सांगितलं. शेवटचं वाक्य होतं, "म्हणून स्फोटातून चालत बाहेर आलेल्या माणसाला बरा आहे म्हणून घरी पाठवू नका."

"प्रश्न?" त्यांनी विचारलं.

"श्रीखंड संपेल," काकू म्हणाल्या. "चला."

पुढच्या दिवाळीसाठी काकांनी पुन्हा वेळ मागितली. मंडळाने तिथे अंताक्षरी ठेवली.