माप मॅडमचं

घर म्हटलं की किस्से आलेच. पण ज्या घरात कुणी राहतच नाही, नळाला पाणी नाही आणि टीव्ही पुठ्ठ्याचा आहे, तिथंही किस्से साचतात हे मला सॅम्पल फ्लॅटनं शिकवलं. आता कुणाकडे जेवायला गेले की ताटाच्या आधी फर्माईश येते, "तो पलंगाचा सांग ना!" तो शेवटी सांगते. आधी बाकीचे ऐका.

मी इंटिरिअर डिझायनर. पुण्याला शिकले, नागपूरला परत आले आणि चार वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली पडदे निवडले. स्वतःच्या नावावरचं पहिलं काम म्हणजे हा सॅम्पल फ्लॅट. बेसा रोडला अर्धवट उभी बिल्डिंग, पहिल्या मजल्यावर सिमेंटच्या दोन रिकाम्या खोल्या आणि किचन. त्याचं "स्टायलिश सिटी अपार्टमेंट" करायचं, म्हणजे बघायला येणाऱ्याला वाटलं पाहिजे, बस, आता इथंच राहावं!

बिल्डरला सगळे भाऊ म्हणतात. भाऊंनी पहिल्याच दिवशी मोबाइलवर मुंबईतल्या कुठल्याशा फ्लॅटचा फोटो दाखवला. "मॅडम, मले अस्संच पायजे."

"भाऊ, ह्या फोटोत खिडकीतून समुद्र दिसतोय."

"मंग? आपल्या खिडकीतून नाला दिसते. पडदा लावा!"

*

सॅम्पल फ्लॅटमध्ये एक चलाखी असते. फर्निचर थोडं लहान करायचं, म्हणजे खोली मोठी दिसते. मी पलंग काढला लांबीला पाचच फूट, डोक्याशी फळी, पायाशी फळी.

आमचे सुतार धनराज मिस्त्री, सक्करदऱ्याचे. हातात कला आहे आणि तोंडाला लगाम नाही. ड्रॉइंग पाहून त्यांनी पेन्सिल कानामागं खोचली.

"पाच फूट? मॅडम, माणूस झोपवाचा आहे का बकरी?"

"कुणी झोपणार नाही काका. लोक फक्त बघणार."

"पलंग काय पाहाले असते का जी?"

तीन दिवस तोंड पाडून काम केलं. पण पलंग असा देखणा बनवला की विचारू नका. शेवटच्या दिवशी मी बघते तर पलंग उलटा, आणि मिस्त्री खालच्या फळीवर पेन्सिलीनं ठळक अक्षरात लिहून राहिले होते: "माप मॅडमचं. धनराजचं नाही."

"काका! हे काय?"

"उद्या कोणी खाली वाकून पाह्यलं तर? तीस वर्षांची इज्जत आहे माही!"

*

मग पुस्तकं. स्टायलिश घरात पुस्तकं लागतात, वाचायला नाही, रंगाला. मी रद्दीवाल्याकडून फिक्या रंगाची तेवढी उचलून आणली. आत काय आहे, देव जाणे.

एका शनिवारी एक रिटायर्ड मास्तर आले. एक पुस्तक काढलं आणि सोफ्यावर बसले. तासभर हलले नाहीत. पुढच्या शनिवारी पुन्हा हजर! भाऊ खूश. "मॅडम, हा पक्का गिऱ्हाईक आहे. इतका विचार करून राह्यला म्हणजे घेतेच!" मास्तरांना चहा, बिस्किटं, एकदा तर तर्री-पोहेसुद्धा.

चौथ्या शनिवारी मास्तरांनी पुस्तक मिटलं, चष्मा पुसला. भाऊ फॉर्म घेऊन पुढं झाले. "मंग मास्तर, काय ठरलं?"

"संपलं," मास्तर म्हणाले. "लहान भावाची संत्र्याची बाग आहे. फार उपयोग झाला बुवा." आणि निघून गेले.

मी पुस्तक पाहिलं. संत्र्यावरचे रोग!

*

बाथरूमचा नळ नुसता चिकटवलेला होता. एका काकूंनी हौसेनं फिरवला, तो हातातच आला. बिचाऱ्या इतक्या घाबरल्या की नळ पर्समध्ये टाकून गेल्या. दुसऱ्या दिवशी नवऱ्याबरोबर आणून दिला, वर म्हणाल्या, "तुमचा नळ माझ्यासोबत आला वं बाई!"

कमोडलाही पाइप जोडलेला नव्हता. तो किस्सा मी जेवणाआधी सांगत नाही. एवढंच सांगते की त्या दिवसापासून त्याच्या झाकणाला सेलोटेप आहे.

*

पण खरा छळ केला तो एका प्रश्नानं. लोक यायचे, सोफ्यावर हात फिरवायचे, दिव्यांचे फोटो काढायचे, "वा, मस्त!" म्हणायचे आणि दारातून वळून विचारायचे, "कूलर कुठं लावाचा?"

मी एसीकडे बोट दाखवायचे. तोही नुसता डबाच होता, कारण साइटच्या कनेक्शनवर एसी चालत नव्हता. लोकांच्या डोळ्यांतली चमक जायची ती जायचीच. एक वहिनी तर म्हणाल्या, "इष्टाइल ठीक आहे, पण मे महिन्यात इष्टाइल अंगावर घेऊन झोपाचं का?"

धनराज मिस्त्री रोज टोचायचे, "मॅडम, एक कूलर ठेवा."

"काका, फोटोत घाण दिसतो तो!"

"फोटोले घाम येत नाही जी. माणसाले येते."

मी ऐकेन तर शपथ! पुण्याचं शिक्षण होतं ना.

*

आणि मग मे लागला. सहा महिन्यांत एकही बुकिंग नव्हतं. भाऊंनी बोलावून शांतपणे सांगितलं, "मॅडम, ह्या महिन्यात एक तरी फ्लॅट गेला, तर पुढच्या बिल्डिंगचं काम तुमचंच. नाही गेला तर मी मुंबईचा डिझायनर आणतो, आणि तुमच्या ह्या फ्लॅटमंदी सिमेंटच्या गोण्या ठेवतो."

मी "हो भाऊ" म्हणून हसले आणि स्कूटीवर बसून रडले. मे महिन्यात नागपूरच्या बाईच्या तोंडाला स्कार्फ असतो, त्याचा एवढा एक फायदा.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारी भाऊ येणार होते. सकाळी मी पोचले तर बेडरूमच्या खिडकीत हा एवढा लोखंडी कूलर! घरघर आवाज, ओल्या खसचा वास.

"काका, हे काय आणून ठेवलंत?"

"माह्या दुकानातला आहे. कपाटाचं दार वाकलं ना उन्हानं, ते नीट करून राह्यलो. मले जीव आहे का नाही?"

"भाऊ यायच्या आत हलवा!"

तो हलणार, इतक्यात महाल भागातून एक काका-काकू आले. काका अगदी चणीनं लहान, पाच फुटाला दोन बोटं कमीच. उन्हानं दोघं लालबुंद. काकू कूलरसमोर खुर्चीत बसल्या. काका म्हणाले, "जरा पाठ टेकू का?" आणि माझ्या पाच फुटी पलंगावर आडवे झाले. दोन मिनिटांत घोरायला लागले! काकूंचीही मान कलली.

अर्ध्या तासानं भाऊ आले. मागं दोन मजूर, त्यांच्या खांद्यावर गोण्या. दारातच थबकले. "हे कोण झोपून राह्यलं?"

"गिऱ्हाईक," मी म्हटलं.

"उठवा!"

"नाही उठवणार," मी म्हटलं. कुठून धीर आला कुणास ठाऊक. भाऊ काही बोलणार होते, पण कूलरची हवा लागली आणि ते स्टुलावर टेकले. मजूरही गोण्या खाली ठेवून हवेला उभे राहिले.

काका जागे झाले. लांब आळस दिला, पाय ताणले, पायाकडच्या फळीला तळवे घट्ट टेकवले. पुन्हा टेकवले.

"पलंगाचं माप कोणाचं आहे हे?" त्यांनी विचारलं.

मी मान खाली घातली. "माझं."

"बाई, चाळीस वर्षं झाली लग्नाले," काकू म्हणाल्या. "ह्यांना पाय टेकल्याशिवाय झोप नाही. रोज पायाशी गोधडीची वळकटी लावून द्या लागते मले."

"भाऊ," काका पडल्यापडल्याच म्हणाले, "हाच फ्लॅट द्या. पलंगासकट. आणि तो कूलर पण."

भाऊंनी माझ्याकडं पाहिलं, मग मजुरांना गोण्या उचलायची खूण केली, बाहेरच्या दिशेनं.

धनराज मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढली. "काका, जरा हलू नका जी," म्हणाले, आणि पलंगाखाली शिरले.