तलावातली सावली

जाळं टाकण्याआधी ती कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवून उभी राही. तुम्ही पाहिलं असतं तर वाटलं असतं, बाईचं काहीतरी पाण्यात पडलंय. मग हात झटकून सांगे, "पानी तापून राह्यलं, गुरुजी. मासा आज खोलात." आणि तसंच निघे.

ही ढिवराची विधवा माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची आई. शहापूरजवळच्या त्या गावात मी शाळामास्तर होतो, रविवारी तिच्याकडून मासळी घेई. थंडीत मासा काठाच्या उन्हात येतो, उन्हाळ्यात पाणगवताच्या आडोशाला बसतो, हे मला तिनंच शिकवलं. गवतात मरळीची पिल्लं दिसली की ती जाळं न टाकता वळसा घालून जाई. "लेकुरवाळी हाये," म्हणे.

गवतात जाळी अडकतात, अशी बाकीच्या ढिवरांची तक्रार होती. तलावात गवत्या मासे सोडू, ते गवत खातील आणि वाढतीलही, असं मी ग्रामसभेत सुचवलं. ठरावही मीच लिहिला. ती एकटी उठली. मग उन्हाळ्यात मासा बसणार कुठं, असं तिनं विचारलं. लोक हसले. मीही हसलो.

दोन पावसाळ्यांत तलाव साफ झाला. आधी मरळ दिसेनाशी झाली. मग तिच्या ठरलेल्या जागा रिकाम्या निघू लागल्या. फाल्गुनातच सारा मासा पाळीजवळच्या, म्हणजे बांधालगतच्या खोल पाण्यात गोळा होई.

मे महिन्यातल्या एका सकाळी मी पिशवी घेऊन गेलो आणि पाळीवरच थबकलो. तलाव पांढरा दिसत होता. पोटं वर करून मासे या काठापासून त्या काठापर्यंत पसरले होते. ती गुडघाभर पाण्यात उभी होती. मी खाली उतरलो तेव्हा तिनं माझं मनगट धरून हात पाण्यात घातला. सकाळी सातलाच ते आंघोळीच्या पाण्यासारखं ऊन होतं.

"त्यायले सावलीच नोयती, गुरुजी," ती हळू म्हणाली.

मेलेले मासे टोपल्यांनी काढून पुरण्यात तिचे चार दिवस गेले. मग ती लेकीकडे वरठीला राहायला गेली.

हिवाळ्यात मी तिथं गेलो. चूक माझी होती, हे तिला एकदा सांगायचं होतं. सांगितलं. ती लसूण सोलत होती.

"ठरावावर अंगठा मीबी देल्ला ना," ती म्हणाली.

पटलं नव्हतं तर का दिला, मी विचारलं.

"पोरीले तुमी शिकवलं. तुमी खोटं सांगान कायले?"

ती वारली, त्याला आता वर्ष झालं. ठराव पंचायतीत पडून असेल. तिचा अंगठा पाहायला मी अजून गेलेलो नाही.