समिधाने हलवलेला चौकोन

उमरोळीत आमच्या आळीत कुणाकडे पाहुणे येणार असले की ते आधी मला कळतं, मग घरच्यांना. फक्त समिधा राऊतच्या घराचा अंदाज लागत नाही, कारण ते घर बारा महिने पाहुणे यायच्या बेतात असतं. चपला जोडीने, टाचा भिंतीला. दोरीवर कपडे उंचीप्रमाणे, शाळेच्या कवायतीसारखे. एकदा वाटीभर साखर मागायला गेले, तर डब्यातली साखरसुद्धा सपाट केलेली. मी म्हटलं, "मुंग्यांसाठी मैदान केलंयस का गं?" ती हसली, साखर दिली, आणि मी उंबरा ओलांडायच्या आत चमच्याने खड्डा बुजवला. मी वळून पाहिलं ना!

तिच्या सासूबाई, रखमाबाई म्हणतात, "आमची सून देवाला फूल वाह्यते तेपण पट्टी लावून." हे कौतुकच हं, फक्त सासूच्या तोंडून आल्यामुळे जरा तिखट लागतं.

ही समिधा तारापूरच्या वसाहतीत, कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात जाते. पुष्कळ वर्षं नोंदींच्या टेबलावर होती. मग बोईसरला क्लास लावून मशीनचं प्रोग्रामिंग शिकली, आणि नवी टाकी आली तेव्हा तिच्या साहेबांनी, विनोदसरांनी, त्या टाकीचा प्रोग्राम हिच्याकडे दिला. त्या दिवशी आळीत पेढे वाटले. पेढेही एका आकाराचे.

हे काम काय असतं ते तिने मला ओट्यावर वालाच्या शेंगा सोलताना समजावलं होतं. संगणकाच्या पडद्यावर चौकोन मांडायचे. एक चौकोन म्हणतो, टाकी भरली. दुसरा म्हणतो, मग ढवळणीची मोटर चालू कर. त्यांना रेघांनी जोडलं की खाली खरोखरची मोटर फिरते.

"म्हणजे ठिपक्यांची रांगोळी," मी म्हटलं.

"हो काकी. पण ही चुकली तर टाकीभर रंग नासतो."

तर झालं असं, की सोमवारी परगावची मोठी गिऱ्हाइकं कारखाना बघायला येणार होती. विनोदसर शुक्रवारी सहज म्हणाले, "मॅडम, त्यांना पडद्यावर सगळं दाखवू. जरा नीटनेटकं करून ठेवा."

समिधाला नीटनेटकं कर म्हणणं म्हणजे माशाला पोह म्हणणं. बसली पदर खोचून. 'टाकी भरली' आणि 'मोटर चालू' या दोन चौकोनांमध्ये जागा रिकामी होती, पुढचा दात पडल्यासारखी. आणि खाली कोपऱ्यात एक चौकोन एकटाच पडला होता. त्याचं काम एवढंच, की मोटरला निरोप पोचला की तो निरोप पुसून टाकायचा. हिने त्याला उचलून त्या रिकाम्या जागी बसवलं. चौकोनांच्या कोपऱ्यात बारीक आकडे दिसत होते, ते डोळ्यांना खुपले म्हणून लपवले. आणि जुना प्रोग्राम? घरात अडगळ ठेवत नाही ती, तिथे कशी ठेवेल? जुन्यावरच नवा ठेवून दिला.

शनिवारी टाकी भरली आणि मोटर ढिम्म.

"मैडम, मोटर सो गया," ऑपरेटर ओरडला. हातानं बटण दाबलं की फिरे, आपली आपण फिरेना. समिधाने टाकीतला सेन्सर तपासून घेतला, वायरी तपासून घेतल्या, मोटर बघून घेतली. पडद्यावरची एकेक रेघ बोटाने चाचपली. सगळं जिथल्या तिथे.

विनोदसर ओरडले नाहीत. ते ओरडत नाहीत, तेच वाईट. म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत बघा. नाहीतर वापीहून त्या प्रोग्रामवाल्या प्रदीपला बोलावतो. मग प्रोग्राम त्याच्याकडेच राहू दे. तुम्ही आपलं नोंदींचं टेबल सांभाळा."

संध्याकाळी घरी आली ती थेट ओट्यावर बसली. चपला तिरप्या पडल्या होत्या, त्यावरून मी ओळखलं, प्रकरण गंभीर आहे.

"अगं, पण तू काहीतरी हलवलंस ना?" मी विचारलं.

"जागा बदलली फक्त, काकी. रेघा त्याच, चौकोन तेच. तुम्ही या ओट्यावरून त्या ओट्यावर बसलात म्हणून कुणी वेगळ्या होता का?"

खरंय. मी कुठल्याही ओट्यावर तीच.

रविवारी बळवंतकाकांच्या नव्या घराची वास्तुशांत. आळी झाडून जेवायला. समिधा नको म्हणत होती, रखमाबाईंनी ओढून आणली. "उपाशी बसून मोटर फिरते काय? चल."

आता बळवंतकाकांची ख्याती अशी, की पंगत बसायच्या आधीच त्यांना ती उठवायची घाई. दुसरी पंगत मांडवात ताटकळत उभी. वाढपी मठ्ठा-भात वाढत पुढे सरकला, आणि त्याच्या पाठोपाठ काका पत्रावळ्या गोळा करत निघाले. समिधाच्या पानावर भात पडला, तिने हात पुढे केला, तेवढ्यात काकांनी पान उचललं.

"अरे बळवंता!" रखमाबाई कडाडल्या. "वाढलेलं पान उचलतो? पोरीनं घास नाय घेतला अजून!"

"वाढलं ना? मंग झालं की!"

सगळी पंगत हसली. समिधा मात्र हात तसाच हवेत धरून बसली. मला वाटलं, अपमान झाला बिचारीचा. तर ती माझ्या कानाशी पुटपुटली, "काकी, मी काकांनाच मध्ये बसवलंय." आणि हात धुऊन, स्कूटी काढून थेट कारखान्यात.

मागाहून तिने उलगडून सांगितलं. मशीन सगळे चौकोन एकदम बघत नाही. पंगतीत वाढप्याने फिरावं तसं ओळीने एकेकापाशी जातं, आणि ओळ ठरते ती चौकोन कुठे मांडलाय त्यावरून. टाकीने निरोप वाढला, मोटरने तो घ्यायच्या आत मधल्या पुसणाऱ्याने पान उचललं. मोटर जन्मभर उपाशी. आणि हिने लपवलेले ते बारीक आकडे म्हणजे कुणाची पाळी कधी, तेच होतं.

तिने आकडे पुन्हा आणले, चौकोन परत कोपऱ्यात नेला. टाकी भरली, मोटर फिरली. मग स्वतःच विनोदसरांना फोन केला. "सर, बिघाड नव्हता. मीच चौकोन हलवला होता."

"कशाला?"

"छान दिसावं म्हणून."

विनोदसर म्हणाले, "नीटनेटकं करा असं मीच म्हणालो होतो. प्रदीपला नको सांगतो."

सोमवारी पाहुणे आले, मोटर शहाण्यासारखी फिरली. पडद्यावरून कोपऱ्यापर्यंत गेलेली एक लांबलचक तिरकी रेघ बघून एकाने विचारलं, ही अशी का? विनोदसर म्हणाले, "ती मॅडमना विचारा. प्रोग्राम त्यांचा आहे."

हे सांगताना समिधाचा चेहरा पेढ्यासारखा झाला होता. मी म्हटलं, "आणि ती रेघ? करशील ना हळूच सरळ?"

"नाव काढू नका काकी. दात पडलेलाच बरा."

म्हणाली, आणि बोलता बोलता पायाने माझ्या चपला जोडीने लावल्या. टाचा भिंतीला.