बुजवलेला सांडवा

मातीचा बांध फुटायच्या आधी सांगतो. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात आमच्या म्हाताऱ्या जमादारानं हे मला शिकवलं होतं. पायथ्याशी पाझरणारं पाणी नितळ असेल, तर खुशाल बिडी ओढत बसा. गढूळ असेल, तर आधी खालची माणसं हलवा. जमादाराला अक्षरओळख नव्हती. मी मॅट्रिक झालेला होतो आणि तो तोरा माझ्या डोक्यातून उतरला नव्हता.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं. हुकूम नागपूरहून निघायचे, अमरावतीला त्यांवर शिक्के बसायचे आणि चिखल आम्ही तुडवायचो. जमीन राखण्याच्या कामावर मी मदतनीस होतो. उताराची पातळी बघून खुंट्या ठोकायच्या, मजुरांकडून बांध घालून घ्यायचे, त्यावर गवत लावायचं, हे माझं काम. परतवाड्याहून अंजनगावला जाताना उजव्या हाताला डोंगर लागतो. त्याच्या पायथ्याच्या एका गावात माझा मुक्काम होता. डोंगरावरून येणाऱ्या पाण्यानं तिथल्या काळ्या वावरांत घळी पाडल्या होत्या. त्यातली सर्वांत मोठी घळ इतकी खोल, की आत बैलगाडी उभी केली तर वरून दिसली नसती.

त्या घळीवर आम्ही उन्हाळ्यात दीड पुरुष उंचीचा बांध घातला. वरून वाहून आलेली माती बांधाच्या मागे साचावी, घळ हळूहळू भरावी आणि वावर पुन्हा एकसंध व्हावं, असा बेत होता. एका टोकाला दगड लावून सांडवा ठेवला. पाणी ठरावीक उंचीच्या वर गेलं, की तिथून निघून बाजूच्या नाल्याला लागावं म्हणून. उतारावर पवन्या गवताचे ठोंब लावले, घळीच्या काठांनी घायपात लावली, बाभळीचं बी टाकलं आणि बकऱ्यांना बंदी केली. आषाढ संपता संपता बांधाच्या मागे टिटव्या फिरायला लागल्या. मी रोज संध्याकाळी तिथे जाऊन उभा राहायचो. हे आपण केलं, असं वाटायचं. खोटं कशाला बोलू, छाती फुगायची.

वरचं वावर एका बड्या शेतकऱ्याचं होतं. बांधाच्या खाली, दोनशे पावलांवर, माळ्याचा मळा होता. वांगी, मिरची, थोडा झेंडू. मळ्यात विहीर आणि विहिरीशेजारी झोपडी. झोपडीत माळी, त्याची बायको आणि तिचा सासरा राहायचे. सासऱ्याचे पाय गेलेले होते. तो खाटेवर बसून दोरी ओढायचा, मळ्यात टांगलेला डबा वाजायचा आणि मिरचीवरचे पोपट उडायचे. मी दिसलो, की मुद्दाम डबा वाजवून म्हणायचा, "हे पाहा, सरकारी पोपट आला!"

पोळ्याच्या आधी मला हिवताप आला. आठ-दहा दिवस मी अमरावतीला, राजापेठेत बहिणीकडे पडून होतो. परत आलो आणि बांधावर गेलो, तर सांडवा दिसेना. दगडांच्या मध्ये माती भरून चोपलेली, वरून गवताची ढेपं बसवलेली. काम इतकं नेटकं होतं, की माझ्या मजुरांना दाखवावं. वावराचे मालक मागेच उभे होते, चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

"तुमचे मानसं अर्धं काम टाकून गेलते," ते म्हणाले. "म्या पुरं करून घेतलं. महालक्ष्म्या चार दिसावर आल्या, घरी पाव्हणे येतीन. धुऱ्याले भगदाड ठेवून त्याईले वावर दाखवू काय?"

यात त्यांची चूक म्हणावी, तर ती चूक त्या मुलखातच व्हायची. शेताच्या बांधाला तिकडे धुरा म्हणतात. धुरा फुटका असणं म्हणजे घरधनी आळशी असल्याची दवंडी. सणावाराच्या आधी लोक घर सारवतात, तसे धुरेही बुजवतात. सांडवा मुद्दाम ठेवलेला आहे, हे मी मजुरांना दहा वेळा सांगितलं होतं. मालकांना एकदाही नाही. शहाण्या माणसाला काय सांगायचं, असं मी समजलो.

तिथल्या तिथे कुदळ मागवायला हवी होती. पण सोमवारी नागपूरचा साहेब बांध बघायला यायचा होता आणि सांडवा बुजल्यामुळे बांधाच्या मागे काठोकाठ पाणी उभं होतं. त्यात डोंगराची सावली पडली होती. साहेब खूश होणार, हे दिसत होतं. आभाळ कोरडं होतं. शिवाय मी दोन वेळा जेवत होतो तो मालकांच्याच घरी. सोमवार जाऊ दे, मंगळवारी फोडू, असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी माळीण हसत आली. "सायेब, विहिरीचं पाणी पाहा ना! खाली वाकलं का हातानं भेटते. माह्या लग्नापासून असं कधी पायलं नाई." मी तिच्याबरोबर गेलो. खरंच, विहीर तोंडापर्यंत आली होती. सासऱ्यानं डबा वाजवला. मळ्यात सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत होते, पण हे पाणी बांधाखालून येतंय हे ओळखून मला बरं वाटत नव्हतं.

शनिवारी ती पुन्हा आली. या वेळी हसत नव्हती. विहिरीचं पाणी गढूळ झालं होतं. मी बांधाच्या पायथ्याशी गेलो. गवताच्या मुळाशी मनगटाएवढा पाझर लागला होता. ओंजळीत पाणी घेतलं. चहाच्या रंगाचं होतं. बोटांत माती राहिली.

"मामाजीले गावात नेऊन ठेवू काय?" तिनं विचारलं. "त्याईचं काई चालनं होत नाई. उद्या काई झालं त कोन उचलीन?"

तिनं सरळ विचारलं होतं. उत्तरही मला पाठ होतं. पण गावात म्हातारा हलवला, म्हणजे का हलवला याची चर्चा चारचौघांत होणार, मालकांच्या कानावर जाणार आणि सोमवारी साहेबासमोर निघणार.

"खेकड्यांनी बिळं केली असतील," मी म्हणालो. "काही होत नाही. राहू द्या."

"तुमी पायलं ना?"

"पाहिलं."

ती निर्धास्त होऊन गेली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

सोमवारी साहेब मोटारीनं आला. बांधावरून चालला, माझ्या पाठीवर थाप मारली, मालकांकडे चहा घेतला. पायथ्याशी तो उतरलाच नाही, मीही त्याला उतरवलं नाही. त्याची मोटार गेली, तेव्हा आमच्याकडे लख्ख ऊन होतं. डोंगर मात्र काळा झाला होता. पाऊस तिकडे वर पडत होता, आमच्याकडे थेंब नाही. थोड्या वेळानं वरच्या नाल्यातून पाण्याचा आवाज यायला लागला.

मी कुदळ घेऊन पळालो. पाणी बांधाच्या माथ्याखाली चार बोटं राहिलं होतं. सांडव्यावर घाव घालायला लागलो, पण लोकांनी मन लावून केलेलं काम होतं ते. ढेपं सुटेनात, दगड हलेनात. मालकांची दोन माणसं धावत आली. त्यांना वाटलं मला वेड लागलं. मी ओरडून म्हाताऱ्याला उचला म्हणून सांगितलं. ती दोघं मळ्याकडे वळली, तोवर बांध मधोमध बसला. भिंत खचावी तसा फार मोठा आवाजही झाला नाही. माती नुसती खाली गेली आणि तिच्या जागी पाणी आलं.

माळी आणि माळीण महालक्ष्म्यांचा झेंडू विकायला अंजनगावच्या बाजारात गेले होते. म्हातारा संध्याकाळी मळ्याच्या खाली, खाटेसकट, बाभळीत अडकलेला सापडला. मळ्यात माती उरली नव्हती, खालचा मुरूम उघडा पडला होता.

चौकशी झाली. डोंगरात फार पाऊस झाला, असं कागदावर आलं आणि त्याखाली मी सही केली. मालकांना सांडव्याचं काही विचारलं गेलं नाही, मीही सांगितलं नाही.

तेराव्याला मला बोलावणं आलं. न जाणं शक्य नव्हतं. माळ्याच्या भावकीतल्या कुणीतरी कुजबुज केली, की पाझर होता म्हणतात, मग म्हाताऱ्याला अगोदरच का नाही हलवलं? माळीण वाढत होती. ती ताठ उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "म्या विचारलं होतं. सायबानं सोता पायलं होतं. त्याईले समजलं असतं त त्याईनं सांगतलं नसतं काय?"

माझ्या ताटातलं वरण संपलं होतं. ती माझ्यासमोर वाकली, पुन्हा वाढलं आणि म्हणाली, "घ्या सायेब, लाजू नका."

मी जेवलो.