ओबदुलियाबाईंचा बिनफुलांचा नेचा

आमच्या उतुआदो गावात ओबदुलियाबाईंनी चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले. लग्न केलं नाही. “मापं घेता घेताच माणसं कळली,” म्हणायच्या. मशीनशेजारच्या सावलीतल्या गॅलरीत त्यांचे नेचे. एकेक पान हातभर लांब, हिरवंगार.

शेजारी क्रिसांतो. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, बस चालवणं सुटलेलं. त्याच्या अंगणात भर उन्हात जास्वंदी.

“शेजारीणबाई, तुमचं झाड फुलणार कधी?”

“तुमच्या फुलाचं काय कौतुक? सकाळी नवरदेव, संध्याकाळी चुरगळलेला रुमाल!”

गावातल्या फुलांच्या प्रदर्शनात दोघांनी कुंड्या नेल्या. परीक्षक दहाला येणार होते. वाटेत दरड कोसळली, पोचले साडेपाचला. तोवर क्रिसांतोची लाल फुलं मिटून लोंबत होती. तो कुंडीमागे तोंड पाडून बसला.

परीक्षकांतल्या एका बाईंनी नेच्याचं पान उलटलं. मागे तपकिरी ठिपक्यांच्या रांगा.

“तांबेरा पडलाय,” म्हणत त्या लिहू लागल्या.

“थांबा! रोग नाही तो,” ओबदुलियाबाई कडाडल्या. “ते त्याचं बी. जास्वंद फूल मिरवते, पाखरांना बोलावते. हा बापडा पानाच्या पाठीवर पोरं वागवतो आणि वाऱ्यावर सोडून देतो.”

त्यांनी पांढऱ्या कागदावर पान झटकलं. पिठासारखी बारीक धूळ पडली. परीक्षकबाई ओशाळून हसल्या.

“आणि या जास्वंदीला सकाळी सतरा फुलं होती, मी मोजलीत. उशीर तुम्ही केलात, झाडानं नाही!”

जास्वंदीला दुसरं बक्षीस मिळालं. नेच्याला काहीच नाही; नियमात फूल हवं होतं.

परतताना क्रिसांतो म्हणाला, “तुमच्या जागी मी असतो, तर गप्प बसलो असतो.”

“ठाऊक आहे मला.”

दुसऱ्या दिवशी तो त्या धुळीची पुडी मागायला आला.

“तुमच्या उन्हात करपेल,” बाई म्हणाल्या.

“मग तुमच्याच गॅलरीत पेरू. पाणी मी घालीन.”

रोज सकाळी तो यायचा. पाणी घोटभर, कॉफी दोन कप. मी समोरच राहते, सगळं दिसायचं. तीन महिन्यांनी मातीवर नुसतं शेवाळासारखं हिरवं काही आलं. “बुरशी!” म्हणत तो कुंडी ओतायला निघाला. बाईंनी त्याचा हात धरला.

“अहो, पोरं आहेत ती! दम धरा जरा.”

त्यानं दम धरला. हातही सोडवून घेतला नाही.