मानवेलाची सुई

अख्ख्या कुरखेडा तालुक्यात न ओरडता आवाज पोहोचवणारा एकच माणूस आहे, आणि त्या माणसाला स्वतःला धड ऐकू येत नाही. हे मी जबाबदारीने लिहिते, कारण ओरडणं हा माझा उद्योग आहे. वनहक्काच्या सभा, मोर्चे, पत्रकं यांतच माझी उमेदीची वर्षं चालली आहेत. 'बांबू आमच्या हक्काचा' ही घोषणा मी झोपेतही देते, अशी आईची तक्रार आहे. सभेसाठी भोंगे आणायला मी बसस्टँडमागच्या चाचांकडे जायचे. चाचा लाउडस्पीकर भाड्याने देतात खरे, पण देताना चेहरा असा करतात, की जणू गावात साथ पसरवायला हातभार लावताहेत. "ने बेटी," म्हणतात, "पन आवाज आधा ठेव. सरकार बहिरं असते, झाडं नसते."

त्यांचा खरा जीव दुकानाच्या मागच्या खोलीत आहे. तिथे किल्लीचा एक जुना ग्रामोफोन, त्याचा पितळी भोंगा, आणि जुन्या लुगड्यांत गुंडाळलेल्या काळ्या, जड, हातातून पडल्या तर काचेसारख्या फुटणाऱ्या रेकॉर्डी. उभा जन्म भोंग्यांशेजारी काढल्याने चाचांचे कान गेले, म्हणून ते दातांनी ऐकतात. थट्टा नाही. बांबूची एक हातभर पट्टी आहे, तिचं एक टोक ते ग्रामोफोनच्या भोंग्याच्या मानेला टेकवतात, दुसरं दातांत धरतात आणि डोळे मिटतात. हाडातून गाणं आत जातं म्हणे. एकदा चामोर्शीहून आलेल्या एका गिऱ्हाइकाने हे पाहिलं आणि त्याला वाटलं, म्हाताऱ्याला मिरगी आली. त्याने बाजाराच्या पिशवीतला कांदा काढला, बुक्कीने फोडला आणि चाचांच्या नाकाला लावला. चाचांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण रेकॉर्ड संपेपर्यंत त्यांनी पट्टी सोडली नाही. मग सावकाश म्हणाले, "कांदा ताजा हाय. पन गाना चालू होता, मधात काऊन बोलू?"

रेकॉर्ड कशी वाजते हे ऐकल्याशिवाय दुकानातून कोणाची सुटका नाही. बल्ब घ्यायला आलेल्यालाही हे ऐकावं लागतं. "मानूस बोलला का हवा हलते. हवेनं पडदा हलते. पडद्याले सुई लावली, ते सुई मेनात रेघ ओढते. झाला आवाज जमा. त्या मेनावरून साचा, साच्यावरून रेकॉर्ड. आता उलटं कर. रेघेत सुई चालव, सुई पडद्याले हलवते, पडदा हवेले, हवा तुले. मधात ना बिजली, ना दलाल." यातला 'ना दलाल' मला इतका आवडला, की मी तो तसाच उचलून पत्रकात छापला. चाचांनी पत्रक उलटसुलट पाहिलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सुया वाळत घातल्या.

कारण सुया ते स्वतः करतात, बांबूच्या. रेकॉर्डीवरची रेघ म्हणजे धानाच्या बांधीतला नांगराचा तास, असं त्यांचं म्हणणं. त्यात लोखंडी सुई सोडली तर आवाज मोठा येतो, पण जाता जाता ती तासच खरवडून नेते. बांबूची सुई स्वतः झिजते आणि रेघेला वाचवते. म्हणून दर गाण्याला नवं टोक. तेलात मुरवलेल्या बांबूच्या काड्या अडकित्त्याने तिरप्या कापत बसलेले चाचा पाहिले, की मला चीड यायची. जंगलासाठी माणसं लाठ्या खाताहेत, आणि हे त्याच जंगलाच्या दात कोरायच्या काड्या करून गाणी ऐकताहेत. एकदा मी हे तोंडावर बोललेही. चाचा म्हणाले, "बरोबर हाय. तू लाठ्या खा, मी सुई करतो. बांबू दोघाले पुरते."

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी आमच्या ग्रामसभेतल्या एक म्हाताऱ्या बाई माझा हात धरून त्या दुकानात आल्या. नऊवारीच्या ओच्यातून त्यांनी एक रेकॉर्ड काढली. त्यांचे वडील दंडारीत, म्हणजे दिवाळीच्या सुमारास गावोगाव होणाऱ्या नाचगाण्याच्या खेळात, गायचे. कोणीतरी त्यांना नागपूरला नेऊन एवढं एक गाणं भरून घेतलं होतं. कडेला तडा, आणि लेकाने लोखंडी सुईने वाजवून वाजवून रेघा पांढुरक्या केलेल्या. बाई मोठ्याने बोलल्या, कारण त्यांनाही ऐकू येत नव्हतं. "भाऊ, माह्या बापाचा आवाज हाये याच्यात. मराच्या आंधी एक डाव आयकाचा हाये."

चाचांनी रेकॉर्ड उजेडाकडे तिरपी धरली आणि कडेचा तडा नखाने चाचपला. मग मला म्हणाले, "लोखंडी सुई लावली तर बाईले ऐकू येईन, पन रेकॉर्ड जाईन. बांबूची लावली तर रेकॉर्ड राहीन, पन बाईले ऐकू येनार नाई."

मला असा पेच म्हणजे अन्याय वाटतो आणि अन्याय दिसला की मी पुढे होते. म्हटलं, बांबूच्या सुईने वाजवा, मी मोबाइलमध्ये भरते, मग लावू तुमच्याच मोठ्या भोंग्यावर. सुयांचा बांबू संपला होता, तोही मीच आणते म्हटलं. दुसऱ्या दिवशी दिमाखात एक जाडजूड बांबू खांद्यावर घालून आणला. चाचांनी तो टिचकी मारून वाजवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की तसं आजवर कोणत्याच साहेबाने पाहिलं नाही. "हे कटांग हाय, बेटी. अंदरसे पोकळ. सुईले मानवेल लागते, भरीव. पत्रकात बांबू-बांबू लिहून राह्यली, अन् कोनता ते तुलेच मालूम नाई?"

त्या दिवशीही सोबत आलेल्या बाई हसल्या. ऐकू आलं नव्हतं, पण माझा चेहरा दिसत होता. मग मी त्यांच्या कानाशी ओरडून काय हवं ते सांगितलं, आणि चार दिवसांनी त्यांनीच वाळलेला मानवेल पाठवला.

सुई झाली, रेकॉर्ड वाजली, मी ती मोबाइलमध्ये भरली आणि दुकानाबाहेरच्या भोंग्यावर पूर्ण आवाजात सोडली. बसस्टँडवरची कुत्री उठून गेली. बाईंनी कानामागे हात धरला, कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारलं, "मोर्चा हाये का, पोरी?"

मी भोंगा बंद केला.

चाचांनी आम्हाला मागच्या खोलीत नेलं, सुईला नवं टोक काढलं आणि आपली पट्टी धुऊन आणली. बाईंनी तोंड उघडून दाखवलं. "दात कुठी हायेत भाऊ मले?" चाचांनी पट्टीचं एक टोक ग्रामोफोनच्या भोंग्याच्या मानेला टेकवलं, दुसरं बाईंच्या कपाळावर, कुंकवाच्या जागेच्या जरा वर. किल्ली भरली. सुई हलकेच टेकवली.

आम्हाला खरखर आणि एक बारीक आवाज एवढंच येत होतं. बाई दगडासारख्या बसल्या होत्या. मग त्यांनी पट्टी दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाल्या, "खोकलून राह्यला." गाण्याच्या आधी एक खोकला होता, आम्हा कोणाच्या लक्षातही आला नव्हता. "सांगतलं होतं बुढ्याले, बिडी नको ओढू." आणि मग त्यांचा उजवा पाय दंडारीच्या ठेक्यावर जमिनीवर हळूहळू पडू लागला.

गाणं संपल्यावर मीच म्हटलं, अजून एकदा लावू. चाचांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी रेकॉर्ड ओच्यात घेतली. "राहू दे. पुढच्या दंडारीले येतो."

माझ्या नव्या पत्रकात आता मानवेल आणि कटांग वेगवेगळे लिहिलेले असतात, आणि भोंगा मी निम्म्यावर ठेवते. दंडारीचे दिवस पुन्हा जवळ आले आहेत. परवा दुकानात गेले, तर चाचा दातांत पट्टी धरून बसले होते, म्हणून मी बोलले नाही. समोर माझ्याच पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर सुया वाळत होत्या. त्यांतली एक त्यांनी बाजूला काढून ठेवली होती, आणि तिच्याशेजारी एक नवी पट्टी होती, कपाळाला टोचू नये म्हणून टोक गोल घासलेली.