सांबाराखालची बाटली

अवो माय, जवळ सरक जराशी, अन् तो मोबाइल ठेव बाजूले. परवा फोनवर काय सांगून राह्यली होती मले? "मावशी, तिसऱ्या डॉक्टरीणबाईले दाखवून आली." एकटीच? लेकरू दोघांले पाह्यजे, अन् सुया तुलेच? जावईबापूले काऊन नाई नेलं? त्यांले काम राह्यते म्हणे! रागावत नाई तुले, पण माह्या पुतण्याचं ऐकून घे. नाव घेत नाई त्याचं. सारी आळी जाणते, तरी घेत नाई.

आमच्या सिंदी मेघेच्या घरी वरच्या खोलीत एक पोरगी भाड्यानं राह्यते. रोज प्रयोगशाळेत जाते. एकदा मी विचारलं, काय करतं बाई तिथं? तर न लाजता म्हणते, "काकू, पुरुषाच्या शुक्रजंतूंमधली प्रथिनं तपासते."

"डाळीत राह्यते तेच का?"

"त्याच जातीचं, पण काम वेगळं. जंतूच्या डोक्यावर एक प्रथिन असते, ते बाईच्या बीजाले ओळखते. ओळख पटली तर आत, नाई तर दारातच उभा. म्हणून ज्यांले लेकरं झाली अन् ज्यांले नाई झाली, दोघांचे नमुने आम्ही जोडीनं पाह्यतो."

माह्या सासूले हे कोनी सांगितलं असतं, तर लेकरू नाई म्हणून बोल खाणाऱ्या किती बाया वाचल्या असत्या!

तर हा पुतण्या, धाकट्या दिराचा पोरगा. जवळच शिवारात भाजीपाला लावते, गाई पाळते. लग्नाले सहा वर्षं झाली, घरात पाळणा नाई. माह्या जावेनं ठरवूनच टाकलं होतं, दिवाळीले सुनेले माहेरी धाडायचं अन् परत आणायचंच नाई. सून बिचारी मुकाट्यानं वांगी तोडे. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, नवऱ्याची एक नाई.

मी त्याले धरलं, तपासून घे म्हटलं.

"मोठी आई, मले काय धाड भरली? क्विंटलचं पोतं उचलतो मी!"

"पोतं उचलायले कोन सांगितलं तुले?"

लाजला. शेवटी कबूल झाला, पण दवाखान्यात जाणार नाई म्हणे, घरूनच बाटली देईन. वरच्या पोरीनं सांगितलं, चालते, मी नेईन, पण तासाच्या आत प्रयोगशाळेत पोचली पाह्यजे. डॉक्टरची तपासणी होईल, अन् दादाची सही असली तर उरलेलं आमच्या अभ्यासाले. त्याच्यावर नाव नाई, नुसता नंबर.

सकाळी फाटकासमोर मोटारसायकल थांबली. यानं पिशवी माह्या हातात कोंबली अन् पळाला, मांगे पाह्यलं नाई. पिशवीत वर हिरव्यागार सांबाराच्या जुड्या, तुम्ही कोथिंबीर म्हणता तो. मी तर निवडायलेच बसत होती! खाली पाह्यते तर थर्मास, अन् थर्मासात काठोकाठ बर्फ, बर्फात बाटली.

पोरीनं कपाळावर हात मारून घेतला अन् लावला फोन. "दादा, बर्फात काऊन टाकलं?"

"मंग? वळूचं नाई का येत धूर निघणाऱ्या टाकीतून? ते तर वर्षानुवर्षं टिकते!"

"ते औषध घालून गोठवतात, दादा. हे अंगाच्या ऊबेत आणायचं राह्यते. हे गेलं वाया."

मी हसून हसून ओसरीवर बसली. पोरगी म्हणे, आता काही दिवस थांबून पुन्हा.

पुन्हा आलं, तर कोन घेऊन आलं सांग? सून! बाटली पोलक्यात, वरून पदर घट्ट, नवऱ्याच्या मांगे गाडीवर. निघताना सासू विचारे, कुठं निघाली वो? म्हणे, मोठ्या आईले सांबार द्यायले. पुरा रस्ता नवऱ्याले झापत आली, "खड्डा पाहून चालवा, तुमचंच आहे!" पुतण्याची मान खाली. पदराआडून बाटली काढून तिनं दोन्ही हातांनी पोरीले दिली, तेही त्यानं पाह्यलं.

रिपोर्ट आला. मोजणी बरोबर, पोहणंही बरोबर. माही जाऊ त्याच दिवशी माह्या दारात हजर. "म्हटलं नव्हतं का बाई? माह्या पोट्ट्यात काईच दोष नाई! तिच्यातच खोट." सून तिच्या मांगे उभी, पायाच्या अंगठ्यानं फरशी खरडत.

पोरगी जिन्यावरूनच बोलली, "काकू, मोजणी म्हणजे बाजारात किती माणसं आली ते. सौदा झाला का, हे त्याच्यात दिसत नाई. ते प्रथिनाचं आम्ही अजून शिकूनच राह्यलो. आज कोनाचंच नाव घेता येत नाई, ना वहिनीचं, ना दादाचं."

जाऊ तोंड उघडणार, तेवढ्यात पुतण्या म्हणते, "आई, माह्यातही असू शकते. दिवाळीले कोनी कुठं जाणार नाई. गेली, तर मीही तिच्यासंग जाईन, गाई घेऊन." गाई म्हटल्यावर जाऊनं चपला घातल्या. दूध कोन देईल मंग?

आता दोघं जोडीनं डॉक्टरकडे जातात. लेकरू अजून नाई, खोटं काऊन सांगू? पण वांगी तोडताना सून गाणं म्हणते, हे मी कानानं ऐकलं.

म्हणून तुले सांगते, चौथ्या डॉक्टरकडे एकटी जाशील तर पाह्य. जावईबापूले घेऊन ये. रुसले तर मले फोन लावून दे, मी अन् ते पाहून घेऊ. थंडी आहे तोवर पुतण्याच्या वावरात सांबार मस्त आहे, सांबारवडी तळून ठेवते. या रविवारीच येजो, दोघंही. अन् पिशवीत काई आणलं, तर बर्फ नको.